धिरड्याचा हात आणि सॉसेज पॅनकेक : या चुका टाळा

ज्याला धिरडं जमतं त्याला पॅनकेक जमणारच, अशी माझी पक्की समजूत होती. कोथरूडच्या आमच्या घरात आठवड्यातून दोनदा तरी कसली ना कसली धिरडी होतात. मग एका रविवारी भाचा राहायला आला आणि म्हणाला, "मावशी, सॉसेज पॅनकेक कर ना." तासाभराने ताटलीत जे पडलं ते बाहेरून काळं, आतून कच्चं आणि चावायला रबर. सॉसेजचे काप पॅनकेकमधून सुटून तव्यावर एकटेच तडतडत होते. सासूबाई शाकाहारी, त्या ओट्यापासून चार हात लांब उभ्या. तिथूनच म्हणाल्या, "अगं, पीठ फार घोटलंस."

बरोबर बोलल्या. पुढचे चार-पाच रविवार खर्ची घातल्यावर कळलं की माझ्या निम्म्याहून जास्त चुका धिरड्याच्या सवयीतून आल्या होत्या. हात आपोआप वळतो तिकडेच पॅनकेक फसतो.

आधी प्रमाण सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल. मैदा 125 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, साखर एक मोठा चमचा, मीठ नावाला, एक अंडं, दूध 180 मिली, वितळवलेलं लोणी एक मोठा चमचा आणि सॉसेज 150 ग्रॅम. यात सहा-एक पॅनकेक होतात. परदेशी पाककृतीतला "कप" म्हणजे साधारण 240 मिली. आपली आमटीची वाटी तेवढी नसते, आणि दोन्ही मिसळून मापलं की पीठ हमखास बिघडतं. शक्यतो वजनच करा.

आता घोटण्याबद्दल. बेसन, ज्वारी, तांदूळ यांत ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) नसतं, त्यामुळे धिरड्याचं पीठ कितीही फेटा, बिघडत काही नाही. उलट गुठळ्या मोडायलाच हव्यात. मैद्याचं उलटं. पुरणपोळीची कणीक तिंबून तिंबून आपण तिला तार आणतो ना, तीच तार पॅनकेकच्या पिठात आली की पॅनकेक वातड होतो. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, मग ओलं कोरड्यात ओतून चमच्याने बारा-पंधरा वेळा फिरवायचं आणि हात आवरायचा. साबुदाण्याएवढ्या गुठळ्या दिसल्या तर दिसू देत. दहा मिनिटं झाकून ठेवलं की त्या बऱ्याचशा आपणच भिजतात. मिक्सर तर काढूच नका. घोटून झालंच असेल तर वीस मिनिटं ठेवा, ताण थोडा उतरतो. तरीही पीठ लवचिक वाटलं तर दूध वाढवून पातळ घावनासारखं घाला आणि आत सॉसेज गुंडाळा. जाड पॅनकेकचा हट्ट त्या दिवशी सोडा.

दूध आणि अंडं फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका. गार दुधात वितळलेलं लोणी पडलं की त्याचे पांढरे कण होतात आणि तव्यावर जागोजागी तुपकट डाग उमटतात.

दुसरी सवय, रात्री भिजवून ठेवायची. आंबोळीच्या पिठाला रात्र लागते, कारण ते आंबून फुगतं. पॅनकेक फुगतो बेकिंग पावडरवर, आणि ती ओली झाली की कामाला लागते. थोडा जोर तव्याच्या उष्णतेसाठी राखलेला असतो खरा, पण रात्रभर तो टिकत नाही. सकाळची घाई वाचवायची असेल तर कोरडं मिश्रण एका डब्यात आणि दूध-अंडं फ्रिजमध्ये असं वेगळं ठेवा. ईनो घालणाऱ्यांसाठी : ते पाणी लागल्याबरोबर फसफसतं. ढोकळ्याला चालतं, कारण तो सगळा एकदम वाफेवर जातो. पॅनकेक एकेक करून होतात, म्हणून पहिले दोन टम्म आणि चौथा पोळीसारखा.

आपल्याकडे पावसाळा चार महिने घरात शिरतो, आणि बेकिंग पावडरचा डबा दिवाळीच्या केकपासून तसाच उघडा-बंद होत आलेला असतो. संशय आला तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. जोरात बुडबुडे आले तर ठीक, नुसतीच विरघळली तर फेकून द्या. चमचा वाढवून भरपाई होत नाही, नुसती खारट-कडवट चव येते.

आता सॉसेज. खरी गफलत इथे आहे.

अमेरिकेत न्याहारीला पॅनकेकबरोबर जे सॉसेज खातात ते बहुधा डुकराच्या कच्च्या मांसाचं, सेज नावाच्या वनस्पतीची सुवासिक पानं आणि मिरी घातलेलं, भरपूर चरबीचं. तव्यावर ठेवलं की स्वतःच्याच चरबीत परततं. तिथल्या पाककृती हे गृहीत धरतात. आपण कोल्ड स्टोरेजमधून आणतो ते बहुतेक वेळा चिकनचं, आधीच शिजवलेलं किंवा धूर दिलेलं, गोठवलेलं. त्यात चरबी कमी आणि पाणी जास्त. म्हणून "सॉसेजची चरबी सुटेल, त्यातच पॅनकेक घाला" हे वाचून कोरड्या तव्यावर टाकलं की आधी पाणी सुटतं आणि मग ते चिकटतं. पाकिटावर "शिजवलेलं" की "कच्चं" हे आधी वाचा. कच्चं असेल तर ते पिठात घालून शिजेल या भरवशावर राहू नका, पॅनकेक तव्यावर असतो जेमतेम चार मिनिटं. चिकन आतून 74 अंश सेल्सियसपर्यंत आणि डुकराच्या खिम्याचं सॉसेज 71 अंशांपर्यंत जायला हवं. ते आधी वेगळं शिजवायचं आणि मगच कापायचं. काहींवर प्लास्टिकसारखं पातळ आवरण असतं, ते सोलायला विसरू नका. एकदा पाहुण्यांच्या ताटात ते निघाल्यापासून मी हे विसरत नाही.

गोठवलेलं सॉसेज आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा. दुपारभर ओट्यावर ठेवून वितळवणं नको, गरम पाण्यातही नको. कॅम्पातून खरेदी करून भर एप्रिलच्या दुपारी स्कूटरवर कोथरूडला येत असाल तर पिशवीत बर्फाचं पॅक असू द्या. एकदा वितळलेलं पाकीट परत गोठवू नये.

माझ्या पहिल्या रविवारची फजिती नेमकी इथे झाली. अर्धवट गोठलेले काप मी थेट पिठात ढवळले. बर्फ वितळून पीठ पातळ झालं, काप तळाशी बसले आणि पहिल्या डावात नुसतं पीठ आलं, शेवटच्या डावात नुसतं सॉसेज. आता असं करते : वितळलेलं सॉसेज टिपून कोरडं करते, तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या कापते आणि चमचाभर तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस करते. चर्र आवाज बदलून तडतड कोरडी व्हायला लागली की पाणी गेलं समजायचं. मग कागदावर काढून निववते. चकत्या पिठात मिसळत नाही. तव्यावर पीठ घातलं की वरून पाच-सहा ठेवते आणि प्रत्येकीवर अर्धा चमचा पीठ सोडते. या अर्ध्या चमच्याला फार महत्त्व आहे. तो नसेल तर उलटल्यावर उघडी चकती तव्याला टेकते, पॅनकेकला पायांसारखी उचलून धरते, आणि चकत्यांच्या मधलं पीठ अधांतरी राहून कच्चं राहतं. चकती जाड असली तर हे आणखी वाईट होतं.

सबंध सॉसेज काडीला लावून पिठात बुडवायचं असेल आणि पीठ गळून पडत असेल, तर सॉसेज ओलं किंवा तेलकट आहे. टिपा, कोरड्या मैद्यात घोळवा, झटका आणि मग बुडवा. पीठही नेहमीपेक्षा घट्ट लागतं.

गोव्याचं चुरीस, म्हणजे तिथलं डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, वापरायचा मोह मला झाला होता. व्हिनेगर, मिरची आणि लाल चरबी, चव झकास, पण पिठात घातलं की लाल तेल ओघळून पॅनकेकला ठिगळं पडतात. ते आवरणातून काढून कांद्यावर वेगळं परता, नीट शिजवा आणि पॅनकेकवर वाढा.

तवा. धिरडं पडताच चर्र वाजलं पाहिजे. पॅनकेक जवळपास गप्प बसला पाहिजे. तो जाड असतो, मोठ्या आचेवर बाहेरून करपतो आणि आत गिच्च राहतो. बिडाचा तवा असेल तर मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा आणि मग आच मंद करा. बीड उष्णता धरून ठेवतं, आच कमी केली तरी तवा लगेच निवत नाही. चमचाभर पीठ टाकून मिनिटभराने उचलून बघा. बिस्किटाचा रंग हवा. कडेने तेल सोडायची सवय इथे मोडा, कडा तळल्यासारख्या होतात. तेलाचं फडकं फिरवलं की पुरे. सॉसेज परतलेल्या तव्यावरच पॅनकेक घालणार असाल तर चिकटलेला काळा चुरा आधी पुसा. पळीने पीठ पसरवू नका, एका जागी ओता, जातंय तिथे जाऊ दे. झाकणही नको. वाफेचं पाणी वर पडून पृष्ठभाग चिकट होतो.

उलटायचं कधी? धिरड्याला जाळी पडते तशी इथेही पडते, पण पहिला बुडबुडा दिसताच उलथनं खुपसू नका. बुडबुडे फुटून भोकं उघडीच राहिली आणि कडेची चकाकी गेली की उलटा. पहिली बाजू दोन-अडीच मिनिटं, दुसरी एक-दीड. उलटल्यावर उलथन्याने दाबायचं नाही. तो दाब म्हणजे केलेलं सगळं फुगवणं बाहेर काढणं, आणि मला हे अजूनही स्वतःला बजावावं लागतं.

झालेले पॅनकेक पोळ्यांच्या डब्यात रचले तर वाफेने खालचे ओले होतात आणि सॉसेजचा खरपूसपणा जातो. स्टीलच्या जाळीवर एकेक ठेवा, किंवा ओव्हन 100 अंशांवर लावून त्यात. खरं तर थालीपिठासारखे तव्यावरून ताटात खावेत, करणाऱ्याने शेवटी बसावं. त्याला इलाज नाही.

चवीचं थोडक्यात : सॉसेज खारट असतं, म्हणून पिठात मीठ चिमूटभरच. साखर वाढवाल तर पॅनकेक लवकर काळा पडेल. वरून मेपल सिरप घेणार असाल तर बाटलीवरचा मजकूर वाचा. नुसतं "मेपल फ्लेवर" असेल तर तो बहुधा रंग-वास दिलेला साखरेचा पाक असतो. खरं सिरप महाग असतंच, एक लिटरसाठी झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवावा लागतो. मी काकवी वापरते. खारट, धुरकट सॉसेजवर काकवीची धार इतकी चांगली लागते की भाच्याने पुढच्या खेपेला सिरपची बाटली उघडलीच नाही.

आमच्याकडे सॉसेजचा तवा आणि उलथनं वेगळं आहे. सासूबाईंसाठी त्याच प्रमाणाचं, पण अंड्याऐवजी दोन चमचे दही आणि अगदी चिमूटभर सोडा घातलेलं वेगळं पीठ आधी त्यांच्या तव्यावर होतं. त्या अजूनही त्याला गोड धिरडंच म्हणतात.