वळूसाठी खोंड निवडताना घ्यावयाची मापे

माणदेशातल्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंड पाहताना त्याची चौकट, शिंगांची ठेवण, रंग आणि चाल बारकाईने पारखली जाते. ती पारखावीच, परंतु वळूत दोष असेल तर त्याला दाखवलेल्या प्रत्येक गाईचा माज वाया जातो आणि ही गोष्ट लक्षात येईपर्यंत हंगाम निघून जातो. म्हणून खोंड वळू म्हणून ठेवण्याआधी हातात टेप घेऊन त्याची तपासणी अवश्य करावी.

सर्वांत महत्त्वाचे माप वृषणांच्या घेराचे आहे. खोंडाला खोड्यात घालून मागच्या बाजूस आडवी दांडी लावावी आणि पशुवैद्यकाने मागून उभे राहून माप घ्यावे. अंडकोशाची मान वरच्या बाजूस मुठीत धरून दोन्ही वृषणे हळूवार खाली उतरवावीत. अंगठा व बोटे मानेच्या दोन बाजूंना असावीत. ती दोन वृषणांच्या मध्ये घुसली, तर वृषणे एकमेकांपासून दूर सरकतात आणि घेर खोटाच जास्त भरतो. मग टेपचा फास खालून वर सरकवून सर्वांत रुंद भागावर आणावा, कातडीला नीट टेकेल इतकाच आवळावा आणि आकडा वाचावा. फास सोडून पुन्हा माप घ्यावे. दोन्ही आकडे जुळले तरच नोंद करावी. थंडीच्या पहाटे अंडकोश आखडून वर ओढला जातो, त्यामुळे ऊन चढल्यावर माप घेणे बरे.

अमेरिकेतील पशुप्रजननतज्ज्ञांच्या निकषांनुसार 15 महिन्यांपर्यंतच्या वळूचा घेर किमान 30 सेंमी आणि 24 महिन्यांवरील वळूचा किमान 34 सेंमी असावा लागतो. हे आकडे खिलारला जसेच्या तसे लावू नयेत, कारण आपली वशिंडाची जनावरे उशिरा वयात येतात. आपल्याकडे एकाच वयाच्या, सारख्याच चाऱ्यावर वाढलेल्या खोंडांची आपसांत तुलना करणे अधिक न्याय्य ठरते, आणि त्यासाठी जन्मतारखेची नोंद हवी. दातांवरून काढलेले वय अंदाजाचेच असते. घेराचा हा गुण बऱ्याच अंशी पुढच्या पिढीत उतरतो आणि मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर माजावर येतात, म्हणून या मापाला मी चौकटीच्याही वर स्थान देतो.

आकड्याबरोबर हाताचा स्पर्शही हवा. दोन्ही वृषणे जवळपास सारखी, घट्ट पण लवचीक आणि कोशात मोकळी हलणारी असावीत. एक खाली उतरलेलेच नसेल किंवा ठळकपणे लहान असेल, तर तो खोंड, कितीही देखणा असला तरी, वळू म्हणून ठेवू नये.

वजनकाटा नसल्यास वशिंडामागून, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यावा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीलगतच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. सेंटिमीटरमधील घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 10,840 असे केल्यास अंदाजे वजन किलोत मिळते. 150 सेंमी घेर आणि 120 सेंमी लांबी असलेला खोंड सुमारे 249 किलोचा भरतो. दर महिन्याला घेतलेल्या अशा नोंदींवरून वाढ कुठे खुंटली ते कळते. मात्र केवळ वजन वाढवण्यासाठी खुराकाचा मारा करू नये, कारण अंडकोशाच्या मानेत चरबी साठली की वृषणे पुरेशी थंड राहत नाहीत आणि वीर्याची प्रत घसरते.

पाय आणि खूर सपाट जमिनीवर चालवून पाहावेत. मागचे पाय फार सरळ किंवा कोयत्यासारखे वाकलेले असतील, तर गाईवर चढताना पुढे त्रास होतो.

माप चांगले आले तरी वीर्यतपासणी आणि सांसर्गिक गर्भपाताची रक्तचाचणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. नुकताच ताप येऊन गेलेल्या खोंडाचे वीर्य निकृष्ट आढळल्यास त्याला लगेच काढू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे 61 दिवस लागतात, त्यामुळे किमान 2 महिन्यांनी फेरतपासणी करून मगच निर्णय घ्यावा.