जंतुनाशक माउथवॉशचा जिवाणूंवर पुरेसा परिणाम व्हावा म्हणून तो कसा वापरावा

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या माउथवॉशने चूळ भरली की तोंड जंतुमुक्त होते, असा समज सहज होतो. परंतु दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स किंवा हिरड्यांच्या आजाराशी संबंधित पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हे जिवाणू दातांवर सुटे राहत नाहीत. ते प्लाक नावाच्या चिकट थरात दडलेले असतात, आणि सुट्या जिवाणूंना सहज मारणारे औषध या थरात खोलवर शिरत नाही.

म्हणून आधी ब्रशने दात आणि फ्लॉस या बारीक दोऱ्याने दातांमधल्या फटी नीट स्वच्छ कराव्यात. १९७० साली लो आणि शिऑट या संशोधकांनी दाखवून दिले, की दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने चूळ भरल्यास ब्रश न करताही प्लाक साचत नाही. मात्र त्या प्रयोगाची सुरुवात स्वच्छ दातांपासून झाली होती, ही बाब माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. हे औषध नवा थर रोखते, जुना थर काढत नाही.

ब्रश केल्यावर लगेच माउथवॉश घेऊ नये. क्लोरहेक्सिडीनचे रेणू धनभारित असल्यामुळेच ते जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते फोडतात. पण अनेक टूथपेस्टमध्ये फेसासाठी घातलेले सोडियम लॉरिल सल्फेटही ऋणभारित असते आणि ते औषधाला निष्प्रभ करू शकते. तेव्हा पाण्याने तोंड खळखळून धुवावे आणि साधारण अर्धा तास थांबावे.

त्यानंतर ०.२ टक्क्यांचे द्रावण असल्यास १० मिलिलिटर घेऊन १ मिनिट, ०.१२ टक्क्यांचे असल्यास १५ मिलिलिटर घेऊन ३० सेकंद, सर्व दातांभोवती फिरवावे आणि थुंकून टाकावे, गिळू नये. लगेच पाण्याने चूळ भरू नये, कारण दातांना व तोंडाच्या आतील त्वचेला चिकटलेले औषध पुढे कित्येक तास हळूहळू सुटत राहते.

दंतवैद्याने सांगितलेल्या दिवसांपलीकडे वापर लांबवू नये, कारण दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. चहा-कॉफीमुळे हे डाग वाढतात. ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर औषध थांबवून तातडीने उपचार घ्यावेत. सांगितलेले दिवस संपूनही हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दुसरी बाटली आणण्याऐवजी दंतवैद्याकडून तपासणी आणि गरजेनुसार स्केलिंग, म्हणजे दातांवरचा कडक थर खरवडून काढणे, करून घ्यावे; दातांवर कडक झालेला टार्टरचा थर कोणत्याही माउथवॉशने निघत नाही.