बुलेटचं इंजिन आणि चेसिस काळं करायचंय? गोव्याच्या हवेत टिकेल असं कसं करायचं ते वाचा

माझी गाडी २०११ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, सेकंड हँड. घेतली तेव्हा पहिल्या मालकाने चेसिस लालभडक मारून घेतलेली, का ते देवालाच माहीत, आणि इंजिनच्या कव्हरांवर पांढरे ठिपके, जणू लोणच्याला बुरशी आलीय. बाबा म्हणाले पॉलिश कर, जाईल. पॉलिश केली, गेली, आणि एका पावसाळ्यात दुप्पट होऊन परत आली. कारण ती ॲल्युमिनियमची गंज आहे. कंपनी कव्हरवर एक पारदर्शक लॅकर मारून देते, त्याला कुठेतरी चीर पडते, समुद्राकडची खारी हवा आत शिरते आणि लॅकरच्या खालून पांढरी पावडर पसरत जाते, वरून कितीही घासा. तेव्हा ठरवलं की सगळंच काळं करून टाकायचं. आई म्हणाली नरकासुर करणार आहेस का गाडीचा.

करून दोन पावसाळे झाले, रंग जागेवर आहे. मी काय केलं, कुठे माती खाल्ली, सगळं खाली लिहितोय. एक आधीच सांगतो, यात रंग मारायचं काम दोन तासांचं असतं, बाकी सगळे दिवस धुण्यात, घासण्यात आणि कुठे रंग लागू द्यायचा नाही ते झाकण्यात जातात. आमच्याकडचा म्हातारा मेकॅनिक एवढंच म्हणाला होता, "आदीं धू, मागीर मार रंग." म्हणजे आधी धू, मग रंग मार.

कधी करायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसात तर नकोच, आणि चवथीच्या आधी गाडी चकाचक पाहिजे म्हणून ऑगस्टमध्ये घाई करणारे पण मी बघितलेत, त्यांचा काळा रंग आठवड्यात राखाडी दिसायला लागला. दमट हवेत स्प्रे मारला की ओला रंग हवेतलं पाणी ओढून घेतो आणि वर दुधाळ साय येते. थंडीत पण सकाळी लवकर नको, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा रात्रभर गार पडलेल्या लोखंडाला दव धरतं, ते डोळ्याला दिसत पण नाही. इंडस्ट्रीवाले नियम पाळतात की पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम पाहिजे. आपल्याकडे मीटर नसतो, तर सोपा उपाय म्हणजे पार्ट सकाळी उन्हात चिऱ्याच्या कुंपणावर मांडून ठेवायचे आणि दहा-साडेदहाला, हाताला कोमट लागले की, सावलीत आणून मारायला घ्यायचे. दुपारी समुद्राचा वारा सुटला की तांबडी धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसते, त्याच्या आधी आवरायचं.

चेसिसला पावडर कोटिंग, इंजिनला स्प्रे

हे माझं मत. काही लोक इंजिन पण पावडर कोटिंगला देतात, पण त्यात रंगाची कोरडी पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणजे ऑइल सील, रबर, बेअरिंग सगळं काढून कव्हरं आणि इंजिनची केस (मधला मुख्य सांगाडा) नुसती सुटी करून द्यावी लागतात. इंजिन पूर्ण खोलणार असाल तर ठीक, नुसत्या रंगासाठी चालतं इंजिन खोलणं मला पटत नाही. चेसिसला मात्र पावडरसारखं काही नाही, दगड उडाला तरी सहज टवका जात नाही. थिवी, कुंडई, वेर्णा असल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चौकशी करा, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि ग्रिलचं काम करणाऱ्यांना तरी नक्की माहीत असतं. भट्टीत अख्खी चेसिस मावेल का हे आधी विचारा, मी न विचारता गेलो आणि चेसिस टेम्पोत घालून परत आणली.

पावडर नको असेल तर इपॉक्सी प्रायमर आणि वर हार्डनर मिसळून मारायचा टू-के (दोन भागांचा) काळा रंग, तोही चांगला टिकतो, पण तो हार्डनर फुप्फुसाला वाईट, साध्या कपड्याच्या मास्कवर भागत नाही, तेव्हा ते काम पेंटरकडूनच करून घ्या.

खोलताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग पेट्रोल काढून टाकी, सीट, सायलेन्सर, कार्बुरेटर, चेन, क्लच केबल, वायरिंगचे सॉकेट, या क्रमाने. प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, आणि वायरिंगचा फोटो दोन बाजूंनी, कारण तीन आठवड्यांनी आपल्याला काही म्हणजे काही आठवत नाही. नटबोल्ट फरसाणच्या रिकाम्या डब्यांत घालून वर चिठ्ठी. क्लासिकमध्ये इंजिन हाच चेसिसचा खालचा भाग असल्यासारखा आहे, इंजिन काढलं की खाली सगळं उघडं, त्यामुळे गाडी नीट टेकवून, इंजिनखाली जॅक लावून मगच माउंटिंगचे बोल्ट काढायचे आणि उचलायला दोघं तरी पाहिजेत. माझा मावसभाऊ आला होता, त्याला पूर्ण दिवस मासे-भात आणि संध्याकाळचं वेगळं, तो खर्च पण धरा.

कव्हरांचे स्क्रू अडकलेले असतील तर साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकी घासवू नका, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडी.

चेसिस कोटिंगला द्यायच्या आधी

चेसिस नंबर स्टिअरिंगच्या मानेवर ठोकलेला असतो. पावडरचा थर जाड असतो आणि अक्षरं त्याखाली बुजतात. सँडब्लास्टिंगवाल्याने (वाळूचा मारा करून जुना रंग काढतो तो) तिथे जोरात मारलं तर अक्षरंच झिजतात. २०११ ची गाडी म्हणजे २०२६ ला पंधरा वर्षं भरतात, रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आरटीओत गाडी दाखवायची, आणि नंबर वाचता आला नाही तर काळ्या चेसिसचं कौतुक तिथे कोण करणार. म्हणून नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा, नंतर ब्रशने एक पातळ हात मारा. इंजिन नंबरचं पण तेच. आणि आरसीवर रंग लिहिलेला असतो तो गाडीचा बाहेरून दिसणारा, टाकी पण काळी करणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या. पायलट मंडळींनी (गोव्यातले मोटरसायकल टॅक्सीवाले) पुढचा पिवळा मडगार्ड उत्साहाच्या भरात काळा करू नये एवढीच विनंती.

दुसरं, कोनसेटच्या (हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या) वाट्या, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याचे) बुश, हे काढून द्या आणि त्या बसायच्या जागा झाकून घ्या, नाहीतर नंतर काही बसत नाही. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट पिळून द्या म्हणजे आट्यांत पावडर भरत नाही. भरलीच तर त्या मापाचा आटे पाडायचा टॅप फिरवून साफ करावं लागतं.

तिसरं, सांगायला पाहिजे कारण मी इथेच तीन तास रडलोय. अर्थिंगची जागा. बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथे बोल्टने चेसिसला किंवा इंजिनला लागते, तिथे धातूला धातू लागला पाहिजे. मी सगळी गाडी जोडली, टाकी चढवली, मावसभाऊ मोबाइल घेऊन शूटिंगला उभा, बटण दाबलं तर नुसती टिक. हॉर्न पण मेल्यासारखा. बॅटरी बदलून बघितली, रिले बदलला, फ्यूज तीनदा काढून बघितला, शेवटी रात्री साडेनऊला टॉर्च मारली तर अर्थच्या बोल्टखाली गुळगुळीत सुंदर काळं कोटिंग. तेवढी रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने पांढरी केली, वर ग्रीस लावून बोल्ट आवळला, एका बटणात इंजिन सुरू. रंग वीज जाऊ देत नाही, शाळेत शिकलेलं असतं, पण.

इंजिनची तयारी

पहिल्यांदा सगळी भोकं बंद करा. प्लग लावूनच ठेवा. इनटेक, एग्झॉस्ट, ब्रीदरचा पाइप, सगळ्यांत कापडाचा बोळा आणि वर टेप. इंजिनवर सँडब्लास्टिंग करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, वाळूचा एक कण आत तेलात गेला तर पिस्टन, बेअरिंग सगळ्याची वाट लागते. तसंच कॉस्टिक सोडा, जो काही जण जुना रंग काढायला वापरतात, तो ॲल्युमिनियमच खातो, कव्हर बुडवलं की फसाफस बुडबुडे येतात आणि पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो. लोखंडाला चालतो म्हणून इथे चालत नाही.

मग केरोसीन आणि जुना टूथब्रश. फिन्सच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांच्या) आत तांबडी माती तेलात भाजून विटेसारखी झालेली असते, ती आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडून काढा, लोखंडी पाना घालून फिन्स मोडू नका. केरोसीननंतर भांड्याचा साबण आणि भरपूर पाणी. जुना लॅकर पेंट रिमूव्हरने काढा, ग्लोव्ज घालून, उघड्यावर. पांढरे ठिपके होते तिथे २४० चा पेपर, मग ४०० चा पाण्यात भिजवून. त्याच्या पुढे जाऊन आरशासारखं करायचं नाही, रंगाला धरायला ओरखडे लागतात.

आता परीक्षा. त्यावर पाणी ओता. पाणी पसरून सलग पातळ पडदा झाला तर स्वच्छ, आणि अळवाच्या पानावर राहतं तसं थेंब थेंब होऊन पळालं तर अजून तेल आहे, परत धुवा. मी चार वेळा धुतलं. फिन्सच्या मुळाशी हेडच्या पॅकिंगमधून थोडं तेल झिरपत होतं, ते पॅकिंग बदलेपर्यंत रंग मारून उपयोगच नव्हता.

शेवटी वाळवून थिनरने पुसा आणि नंतर बोट लावू नका.

रंग

डबा घेताना त्यावर किती तापमान सोसतो ते बघा. इंजिन इनॅमल साधारण २५० अंश सोसतं, हेड-ब्लॉकला ते पुरतं. सायलेन्सरच्या बेंड पाइपला मात्र ६०० च्या वरचा वेगळा डबा लागतो. मी उरलेला इंजिनचा रंग बेंडवर मारला होता, चोर्ला घाट चढेपर्यंत पापुद्रे निघाले.

प्रायमर त्याच कंपनीचा हाय टेम्परेचरवाला घ्या आणि घासल्याच्या दिवशीच मारा, कारण उघडं ॲल्युमिनियम हवेत परत थर धरतं. काळं इंजिन म्हटलं की जुनी माणसं १९४८ च्या इंग्लंडमधल्या व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोचं नाव घेतात, तिच्या इंजिनचा काळा इनॅमल प्रसिद्ध आहे, पण त्या काळ्याच्या खाली त्यांनी आधी गंजरोधक रासायनिक थर दिलेला आणि वरचं भट्टीत भाजलेलं. नुसता काळा डबा फवारून ते काम होत नाही.

डबा दोन मिनिटं तरी हलवा, आतली गोळी खडखडायला लागल्यापासून मोजायचं. आधी फिन्सच्या आत, तिरप्या कोनातून वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, मग बाहेरून. उलट केलंत तर बाहेर थर चढत जातो आणि आत चांदीच चमकत राहते. अंतर वीतभर, हात सतत चालता, पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा, बास. परत हात कधी मारायचा ते डब्याच्या मागे लिहिलेलं असतं, बऱ्याच डब्यांवर 'तासाच्या आत नाहीतर थेट काही दिवसांनी' असं असतं, ते खरंच पाळा, मधेच मारलात तर खालचा रंग सुरकुततो.

काळ्याने इंजिन तापतं का, हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारलाय. नाही. काळा पृष्ठभाग उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता उलट जास्त बाहेर फेकतो, आणि चालत्या गाडीला मुख्य गारवा वाऱ्याचाच असतो. जाड थर मात्र फिन्सवर पांघरूण घातल्यासारखा होतो, म्हणून तीन पातळ हात.

भाजणं

हा रंग वाळून नाही तर तापून पक्का होतो. कव्हरं सुटी असतील तर साधारण ९० अंशांवर वीस मिनिटं ओव्हनमध्ये भाजता येतात, पण ज्यात खायचं करता त्या ओव्हनमध्ये अजिबात नाही, वाफा विषारी असतात. आमच्याकडे नाताळात केक होतो त्या ओव्हनकडे मी नुसतं बघितलं तरी आईने दार अडवलं. मग दुसरा मार्ग, सगळं जोडून दोन दिवस वाळू द्यायचं, इंजिन दहा मिनिटं आयडलवर चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग वीस मिनिटं, परत थंड, मग एक छोटी फेरी. आयडलवर चालवताना समोर टेबल फॅन लावा. पहिल्यांदा थोडा धूर आणि वास येतो, घाबरू नका. हे होईपर्यंत त्यावर पेट्रोल सांडू देऊ नका, लगेच निघतो.

दीड-दोनशे किलोमीटर झाले की इंजिन माउंटिंगचे सगळे बोल्ट परत आवळा, बोल्टखाली पावडरचा थर दबतो आणि ते ढिले होतात. आणि मोरजी-आश्वेला किनाऱ्याला लागून गाडी लावून आलात तर घरी आल्यावर इंजिन थंड झालं की गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर पंपाने नाही, बागेच्या पाइपने. माझ्या इंजिनला आत्तापर्यंत एकच टवका उडालाय, किक मारताना बुटाचा लागतो तिथे, आणि तो भरायला मी अर्धा डबा रंग ठेवलाय.