पानं पिवळी पडत होती, दोष भुशाचा निघाला

कुंडीतली मिरची पिवळी पडत चालली होती. पाणी, ऊन ठीक होतं, कीडही नव्हती. पण पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला होता आणि शेंडा हिरवा होता. ही नत्राच्या (नायट्रोजनच्या) कमतरतेची खूण. टंचाई आली की झाड जुन्या पानांतली प्रथिनं मोडून त्यातला नत्र कोवळ्या पानांकडे पाठवतं. (लोह कमी असेल तर उलट, आधी नवी पानं पिवळी पडतात.)

माती उकरल्यावर कारण सापडलं. विकत आणलेल्या तयार मिश्रणात लाकडाचा भुसा भरपूर होता. भुशात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) काही शे भाग असतात, तो कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २४ ला १ असं प्रमाण लागतं. कमी पडणारा नत्र ते मातीतून उचलतात आणि मुळं उपाशी राहतात.

भुसा उपसला नाही, मुळं दुखावली असती. चिमूटभर युरिया भरपूर पाण्यात विरघळवून दिला, वर मुरलेलं कंपोस्ट पसरलं. नवी पानं गर्द हिरवी आली, जुनी गळालीच. माती फेकणार नाही. जिवाणू मरतील तसा त्यांनी अडवलेला नत्र अमोनियम होऊन मुळांना परत मिळेल.