पाळीत असह्य दुखत असेल तर: एन्डोमेट्रिओसिसच्या निदानापर्यंत कसं पोहोचायचं

पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळा येतात, गोळी घेतल्यावर थांबतात आणि रोजची कामं उरकता येतात, इथवर सहसा काळजी नसते. पण गोळ्या घेऊनही कॉलेज किंवा काम बुडतंय, दुखणं पाळीच्या दोन-चार दिवस आधीच सुरू होतंय, वर्षागणिक वाढतंय, शौचाला, लघवीला किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखतंय, यातलं काहीही असेल तर तपासणी करून घ्यायलाच हवी.

एन्डोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं: अंडाशयांवर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, तरी निदान व्हायला अनेकदा वर्षं जातात. याचं एक कारण म्हणजे ‘पाळीत सगळ्यांनाच दुखतं’ हे उत्तर. दुसरं म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली की शोध तिथेच थांबतो.

आधी नोंदी ठेवा. दोन-तीन पाळ्यांची रोजची नोंद पुरेशी आहे. त्यासाठी डॉक्टरांची भेट मात्र लांबवू नका. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं ० ते १० पैकी किती, नेमकं कुठे (कंबर, मांडी, गुदद्वाराकडे), कोणती गोळी किती वेळा घेतली आणि काय करता आलं नाही, एवढं लिहा. उदाहरणार्थ: ‘दुसरा दिवस, दुखणं ८, दोन गोळ्या घेऊनही उभं राहता येईना, शौचाच्या वेळी आत जोराची कळ, कामावर जाता आलं नाही.’ पाळी नसतानाचं दुखणंही लिहा, ते निदानाला फार उपयोगी पडतं. रक्तस्राव जास्त असेल तर किती पॅड लागले, गाठी पडल्या का, हेही टिपा. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

डॉक्टरांशी बोलताना नुसतं ‘फार दुखतं’ म्हणू नका, त्यातून काहीच कळत नाही. सुरुवात अशी करा: ‘दर महिन्याला इतके दिवस माझी कामं बंद पडतात, अमुक गोळी इतके महिने घेऊनही फरक नाही, मला एन्डोमेट्रिओसिसची शंका वाटते.’ आई किंवा बहिणीला हा आजार असेल, गर्भधारणा हवी असेल किंवा राहत नसेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. उपचाराची दिशा त्यावर ठरते. शौच-लघवीचा त्रास आपण होऊन सांगावा, संकोचामुळे नेमकं तेच राहून जातं.

सोनोग्राफी शक्यतो योनीमार्गे केलेली बरी. कधी शरीरसंबंध आले नसतील किंवा ही तपासणी नको असेल तर तसं स्पष्ट सांगा. पोटावरून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय असतात. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्ताने भरलेली गाठ, सोनोग्राफीत चांगली दिसते. खोलवर रुतलेला आजार मात्र सोनोग्राफी करणाऱ्याचा हात त्यात तयार असेल तरच दिसतो. आवरणावरचे बारीक डाग तर बहुधा दिसतच नाहीत. म्हणून चिठ्ठीवर ‘एन्डोमेट्रिओसिसची शंका’ असं लिहून घ्या आणि विचारा: अंडाशय मोकळे हलतात का, गर्भाशय आणि मागचं आतडं एकमेकांवर सरकतात की चिकटलेत? सगळं नॉर्मल आलं तरी आजार नाही असं ठरत नाही. सीए-१२५ या रक्ततपासणीवरही निदान करता येत नाही. इतर कारणांनी ते वाढतं आणि आजार असूनही नॉर्मल येऊ शकतं.

पूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे लॅप्रोस्कोपी, झाल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी हे बदललं: लक्षणांवरून दाट शंका असेल तर शस्त्रक्रियेआधीच हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. साधारण तीन महिन्यांनी फरक तपासायचा. आराम पडला म्हणून एन्डोमेट्रिओसिस सिद्ध होत नाही आणि पडला नाही म्हणून तो नाही असंही नाही. गर्भधारणेचा प्रयत्न चालू असेल तर हा उपचार चालत नाही. डोळ्यांपुढे चमक दिसून होणारी अर्धशिशी किंवा रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर आधी सांगा, कारण अशा वेळी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी खाल्ल्यानंतर आणि दुखणं सुरू होताच घ्यावी, शिगेला पोहोचल्यावर तिचा उपयोग कमी होतो. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

अचानक एका बाजूला असह्य दुखून उलट्या होणं, ताप, चक्कर येऊन पडणं, तासाला एक पॅड भिजणं, किंवा गर्भधारणेची शक्यता असताना पोटात जोरात दुखणं, यात वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठा.

लॅप्रोस्कोपी ठरली तर आधी विचारा: फक्त पाहणार की सापडलेला आजार त्याच वेळी काढणार? नमुना तपासणीला पाठवणार का? आतड्यावर आजार निघाला तर ते सांभाळणारा सर्जन सोबत असेल का? संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ही उत्तरं मिळायला हवीत. नंतर शस्त्रक्रियेची लेखी नोंद, फोटो आणि नमुन्याचा रिपोर्ट मागून घ्या. रिपोर्टवरच्या ‘स्टेज’ने दुखणं मोजू नका, पहिल्या स्टेजलाही भयंकर दुखू शकतं आणि चौथ्या स्टेजला कधी जाणवतही नाही.

काहीच सापडलं नाही तरी दुखणं खरंच असतं. अडेनोमायोसिस (असं अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), ओटीपोटातला जंतुसंसर्ग, आतड्याचे किंवा मूत्राशयाचे विकार असंच दुखवतात, एन्डोमेट्रिओसिससोबतही असू शकतात. ‘मूल झालं की थांबेल’ हा उपचार नव्हे. असं सांगून परत पाठवलं तर ‘मग दुखण्याचं कारण काय आणि पुढची तपासणी कोणती’ हे विचारा, उत्तर केसपेपरवर लिहून घ्या, आणि सगळे रिपोर्ट घेऊन एन्डोमेट्रिओसिसवर नियमित काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसरं मत घ्या.