मेन्टेनन्सची मेमरी: आकडा एकाचा की सगळ्यांचा?

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात लागून मला सात महिने झाले होते. मे महिना, रात्रपाळी, पोस्टग्रेस 14 हा डेटाबेस, आठ जीबी मेमरीचा सर्व्हर. मोठ्या टेबलांवर दोन इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायच्या सूच्या, बांधायचे होते. नेटवर वाचून मेन्टेनन्स-वर्क-मेम, म्हणजे अशा देखभालीच्या कामाला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा, 64 एमबीवरून थेट 2 जीबी केलं आणि लवकर आटपावं म्हणून दोन टर्मिनलमधून दोन्ही इंडेक्स सोबतच सुरू केले. अडीचच्या सुमारास सगळी कनेक्शनं तुटली.

मी अडकलो तो इथेच, म्हणून सावकाश सांगतो. हा आकडा सर्व्हरचा नाही, एकेका कामाचा आहे. दोन इंडेक्सचे मिळून 4 जीबी. शेअर्ड बफर्सचे, म्हणजे पोस्टग्रेसच्या सामायिक कॅशचे, 2 आधीच गेलेले. उरलेल्या दोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, कनेक्शनं आणि ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे टेबलांमधल्या मेलेल्या ओळींची आपोआप होणारी साफसफाई (व्हॅक्यूम). ऑटोव्हॅक्यूम-वर्क-मेम मुळात उणे 1 असतं, म्हणजे ऑटोव्हॅक्यूमही तोच आकडा उचलतो आणि त्याचे वर्कर मुळात तीन. 17 च्या आधीच्या आवृत्त्यांत व्हॅक्यूमला 1 जीबीची मर्यादा आहे, तरी तिघांचे तीन होऊ शकतात! मेमरी संपली की लिनक्स एक प्रोसेस मारतो, आणि एक अशी मेली की पोस्टग्रेस बाकीच्याही बंद करून रिकव्हरीला लागतो.

घाबरू नका, डेटा जात नाही. कमिट झालेलं सगळं वॉलमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून, परत आलं. अर्धवट इंडेक्स तेवढे पुन्हा बांधावे लागले.

पण भीतीपोटी 64 वरच राहणंही चूक. 17 च्या आधीचा व्हॅक्यूम प्रत्येक डेड टपलमागे (मेलेल्या ओळीमागे) 6 बाइट धरतो. 64 एमबीत जेमतेम 1.1 कोटी मावतात. जागा भरली की टेबलावरचे सगळे इंडेक्स चाळायचे, मग पुढे जायचं. नऊ कोटी असतील तर नऊ फेऱ्या. व्हॅक्यूमची प्रगती दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-प्रोग्रेस-व्हॅक्यूममध्ये इंडेक्स-व्हॅक्यूम-काउंट, म्हणजे झालेल्या फेऱ्यांचा आकडा, एकाच्या पुढे वाढताना दिसला, तर मेमरी कमी पडतेय.

तयार कॉन्फिग (सेटिंगची फाइल) पाठवणाऱ्या सीनियरपेक्षा प्रश्न विचारणारा धरा, हे माझं ठाम मत. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आमच्या भाऊंनी, म्हणजे आमच्या सीनियरनी, रागावण्याऐवजी एवढंच विचारलं, "हा आकडा एकाचा का सगळ्यांचा?" आणि कागदावर बेरीज करायला लावली.

आता मोठा आकडा मी कॉन्फिगमध्ये ठेवतच नाही. इंडेक्स बांधायच्या सेशनपुरता सेट करतो, ऑटोव्हॅक्यूमला वेगळे 256 एमबी देतो, आणि दुसरं टर्मिनल उघडण्याआधी ती बेरीज पुन्हा मांडतो.