झाडूची पाटी आणि माझा गाजलेला चुकीचा लेख

व्हिसा, जर्मन भाषेच्या परीक्षा, घर मिळेपर्यंतची वणवण यावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यात मी पडत नाही. हे लिहितोय ते सांगली-साताऱ्याकडून इकडे जर्मनीत येऊन थोडं बूड टेकलेल्यांसाठी. रात्री भांडी घासून झाली की इथल्या जगण्यावर मराठीत काहीतरी लिहावं अशी खाज ज्यांना सुटते, त्यांच्यासाठी. मी २०१७ च्या शरद ऋतूत श्टुटगार्टला आलो आणि दोनच महिन्यांत लेखक झालो. घाई नडली.

झालं असं. एका सोमवारी कामावरून आलो तर माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकवलेली. तिच्यावर एकच शब्द, 'केअरवोखे'. माझं जर्मन तेव्हा बी-वनचं, म्हणजे परीक्षेपुरतं. शब्द फोडला. केअरेन म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. झाडायचा आठवडा! अख्ख्या इमारतीत सावळा माणूस मी एकटा आणि झाडूची पाटी नेमकी माझ्याच दारावर. डोकं सणकलं. पाटी काढून जिन्यात ठेवून दिली. शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, हाताने झाडू मारल्याची खूण केली आणि त्यांच्या श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टकडच्या बोलीत काहीतरी बोलून गेल्या. त्यातलं मला अक्षर कळलं नाही.

त्याच रात्री नऊशे शब्द लिहून काढले. आपण इंजिनीअर होऊन आलो तरी यांच्या लेखी हातात झाडूच, असा सगळा सूर. गावाकडच्या एका पुरवणीत तो छापून आला आणि गाजला. शाळेतल्या सरांचा फोन आला, मित्रांनी 'लै भारी, कडक' म्हणून पाठ थोपटली. वडिलांनी कात्रण लॅमिनेट करून मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या अडत दुकानात लावलं.

पुढे मार्चमधल्या एका शनिवारी लवकर घरी आलो. तीच पाटी तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या दाराला, आणि डॉक्टर सपाता घालून, बादली घेऊन जिना पुसतायत. मी तिथंच उभा राहिलो. मग भाडेकरार काढला. घराच्या नियमांत सगळं स्वच्छ लिहिलेलं आणि खाली माझी सही. पाटी आळीपाळीने सगळ्यांच्या दारावर फिरते. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना. मोठी म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ आणि बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यातला बर्फसुद्धा. श्वाबियन मुलखात ही पद्धत पंधराव्या शतकापासून या ना त्या रूपात चालत आलीय. एके काळी शहराचाच नियम होता, आता भाडेकरारात उरलाय. जर्मनीतल्या इतर भागांतले लोक यावरून श्वाबियन लोकांची टिंगल करतात. म्हणजे अपमान कुणाचा झालाच असेल तर त्या आजींचा, आणि तो मी केला होता, त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत.

आता इथे जरा थांबून ऐका, कारण खड्डा तुम्हाला वाटतो तिथे नाही. तुम्ही म्हणाल भाषा कच्ची होती. नाही, दोन्ही शब्दांचा अर्थ मी बरोबर लावला होता. शब्द कळला की गोष्टही कळली असं वाटतं, तिथे पाय घसरतो. आणि दुसरं, ते जास्त वाईट. सांगलीत बसून हरभट रोडबद्दल मी काही चुकीचं लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर कुणीतरी गाठून 'अरे बाबा, ते तसं नाही' म्हणून कान उपटेल. श्टुटगार्टबद्दल काहीही ठोका, सांगलीत तुम्हाला अडवणारा कुणी नाही. आणि श्टुटगार्टमध्ये मराठी वाचणारा शेजारी नाही. दोन्हीकडून तुम्ही मोकाट. आपल्या रागाला पुरावा मिळाला की पुन्हा विचारायची इच्छाही उरत नाही, हे माझ्याबाबतीत तरी खरं होतं.

तेव्हापासून एकच नियम पाळतो. ज्या माणसावर लिहिलंय, त्याला तो प्रसंग त्याच्या भाषेत, तोंडावर मला सांगता आला पाहिजे. मोडकंतोडकं चालेल. सांगताना जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा मी काहीतरी फुगवलेलं असतं. भाषांतराचं ॲप यात वापरू नका. ॲप वाक्य पोचवतं, पण समोरचा कुठे भुवई उंचावतो ते बघायला तुमचे डोळे मोबाइलमध्ये असून चालत नाहीत. इंग्रजी व्हिडिओ बघून 'जर्मन लोकांच्या दहा सवयी' मराठीत उतरवणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

घाबरून लिहिणं मात्र सोडू नका. मी वर्षभर सोडलं. नंतर लिहिलं ते इतकं गुळचट की माझं मलाच वाचवेना. रविवारी दुकानं बंद, किती छान. बाटली परत दिली की पंचवीस सेंट मिळतात, किती छान. हा दुसरा खड्डा. आडनाव ऐकून घर आधीच गेल्याचं सांगणारे घरमालक मलाही भेटलेत, आणि ते लिहायलाच हवं. फक्त पाटी आणि घरमालक यांतला फरक कळेपर्यंत कळ काढा.

पैशांबद्दल. युरोचे रुपये करून लिहू नका, वाचक आकड्यातच अडकतो. मानधनावर चूल पेटत नाही. आणि 'तुम्ही खर्च उचला, पुस्तक आम्ही काढतो' म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा. मला एका ज्येष्ठांनी सल्ला दिला होता, आधी पुस्तक येऊ दे, नाव होईल, मग सावकाश शिकशील. चाळीस हजार गेले आणि दोनशे प्रती आमच्या माळ्यावर पडल्या. अशा गुरूपेक्षा लेख लाल करून परत पाठवणारा खडूस संपादक शतपटीने बरा. दिवाळी अंकाला द्यायचं असेल तर मजकूर पावसाळ्यातच हातावेगळा करा, गणपतीत संपादक फोन उचलत नाहीत.

आजींना मी तो लेख सांगितला, पण उशिरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आईवडील शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते आणि फोन लागत नव्हता. मी जिन्यात बसून होतो, खोलीत बसवत नव्हतं. आजींनी काय झालं विचारलं. मोबाइलवर पुलाचा फोटो दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या दारावरची पाटी काढून घेऊन गेल्या आणि तो आठवडा त्यांनीच झाडलं. ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे गेलो आणि झाडूच्या लेखाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "आणि तेव्हा तू पाटी जिन्यात ठेवलीस, तो आठवडा कुणी झाडला माहितीये का?"

खुलाशाचा लेख मी पाठवला होता. तो आतल्या पानावर, निम्मा कापून आला आणि त्यावर एकही फोन आला नाही. पहिलं कात्रण पुराच्या पाण्यातूनही वाचलं, लॅमिनेट केलेलं ना. दुकान धुऊन काढल्यावर वडिलांनी ते पुन्हा त्याच खिळ्याला अडकवलं. काढा म्हणून तीनदा सांगितलं. ते म्हणतात, "असू दे रे, गिऱ्हाईक वाचतंय."